नकाशाचे माहितीसाठे : वेगाची परीक्षा आणि उत्तराचा खरेपणा

छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणारी सडक अजिंठ्याचा घाट उतरते आणि सोयगाव तालुक्यातील फर्दापूर या गावाशी सपाटीला लागते. लेण्यांस जाणारा प्रवासी येथील तिठ्यावर आपली गाडी ठेवतो आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एस. टी. च्या बसने जातो. परतताना त्याच्या डोळ्यांपुढे पद्मपाणी असतो. फर्दापूर त्याच्या लक्षातही राहत नाही. आज आम्ही मात्र श्रोत्यांस फर्दापुराशीच थांबवून ठेवणार आहोत. कारण ज्या विषयाची ओळख करून द्यावयाची आहे, त्यास लागणारी बहुतेक उदाहरणे या एका गावाच्या आसपास सापडतात. डोंगर आहे, नदी आहे, वन आहे, शेतीचे लहानमोठे गट आहेत, जिल्ह्याची हद्द जवळ आहे, आणि सगळ्या जगाने जपावे असे एक स्मारकही आहे.

विषय असा आहे. नकाशावरील माहिती संगणकात साठवून ठेवणाऱ्या आणि विचारलेल्या प्रश्नास त्या साठ्यातून उत्तर देणाऱ्या ज्या व्यवस्था आहेत, त्यांना संगणकाच्या व्यवहारात स्पेशिअल डेटाबेस म्हणतात. आपण त्यांना 'नकाशाचे माहितीसाठे' म्हणू. असे साठे आज अनेक आहेत. कॅनडातील एका संस्थेने २००१ मध्ये प्रथम बाहेर आणलेला आणि सर्वांस फुकट मिळणारा पोस्टजीआयएस आहे, ओरॅकलचा आहे, मायएसक्यूएल आहे, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे, एका फायलीत मावणारा स्पेशिअलाइटही आहे. तेव्हा यांपैकी वेगवान कोणता, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो, आणि त्याची तयार उत्तरेही बाजारात पुष्कळ मिळतात. 'आमचा साठा त्यांच्यापेक्षा दहापट वेगवान' अशा विधानाचा अर्थ काय घ्यावा आणि त्यावर विश्वास केव्हा ठेवावा, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

हा वाद तंत्रज्ञांनी आपसांत मिटवावा, आम्हांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. भूमी अभिलेख विभागाच्या 'महाभूनकाशा' या सोयीतून गट नंबर घालून आपल्या शेताची आकृती घरबसल्या पाहता येते. कोणता गट पूररेषेत येतो, कोणता वनाला लागून आहे, कोणता नव्या रस्त्याखाली जातो, हे प्रश्न आता कागदी नकाशावर पट्टी ठेवून नव्हे, तर संगणकास विचारून सोडविले जातात. संगणकाने दिलेले उत्तर कोणाचे तरी घर, विहीर किंवा मोबदला ठरविते. म्हणून ते उत्तर किती लवकर येते याबरोबर ते खरे आहे की नाही, हे समजून घेणे प्रत्येक नागरिकाच्या हिताचे आहे.

प्रथम नकाशाचा साठा आणि साधी नोंदवही यांतील भेद पाहू. गावच्या दप्तरातील नोंदी गट नंबराच्या क्रमाने लावलेल्या असतात. १४७ नंबर हवा असेल तर आपण वही मध्यावर उघडतो, पुढे किंवा मागे सरकतो आणि चटकन पान गाठतो. हे जमते, कारण आकड्यांची रांग एकच असते. नकाशाला मात्र दोन दिशा असतात. १४७ चा बांध १४८ ला लागेल तसा तो नाल्यापलीकडच्या ३१ लाही लागेल. पूर्व-पश्चिम धरून नोंदी लावाव्या तर उत्तर-दक्षिण विस्कटते. उत्तर-दक्षिण धरून लावाव्या तर पूर्व-पश्चिम विस्कटते. जमीन कोणत्याही एका रांगेत शहाण्यासारखी बसत नाही. नकाशाच्या साठ्याची सारी अडचण आणि सारे कौशल्य या एका गोष्टीत आहे.

ही अडचण सोडवावयाची नाही, सगळेच तपासावयाचे, असे ठरविले तर काय होईल? संगणक एका सेकंदात दहा लाख आकृत्या तपासतो असे धरून चालू. म्हणजे अडीच कोटी गटांतून एक गट शोधण्यास पंचवीस सेकंद लागतील. एवढे एक वेळ सहन होईल. आता प्रत्येक गावाच्या हद्दीत कोणकोणते गट येतात असे विचारा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावे आहेत. प्रत्येक गाव प्रत्येक गटाशी ताडून पाहावयाचे तर एक लाख कोटींहून अधिक जोड्या होतात, आणि त्याच वेगाने काम अहोरात्र बारा दिवसांहून जास्त चालेल. यंत्र चौपट वेगाचे घेतले तरी तीन दिवस जातील. तेव्हा येथे युक्तीच हवी.

ती युक्ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडली. तिला 'आर-ट्री' म्हणतात. प्रत्येक आकृतीभोवती ती जेमतेम मावेल अशी एक उभी-आडवी चौकट काढावयाची. जवळजवळच्या चौकटी एकत्र करून त्यांच्याभोवती मोठी चौकट काढावयाची, अशा मोठ्या चौकटींभोवती आणखी मोठी, आणि असे वर वर जात एका चौकटीत सारा प्रदेश बसवावयाचा. शोध घेताना वरून खाली यावयाचे. जी मोठी चौकट आपल्या ठिकाणास स्पर्श करीत नाही, तिच्या पोटातले काहीच पाहावे लागत नाही. एका चौकटीत शंभर चौकटी बसविल्या तर चार पायऱ्यांत दहा कोटी आकृत्या मावतात. म्हणजे अडीच कोटी गटांतून हवा तो गट चार पायऱ्या उतरून सापडू शकतो. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर काही पायऱ्या दोनदा-तीनदा उतराव्या लागतात, एवढेच. जर्मनीतील ब्रेमेन येथील संशोधकांनी १९९० मध्ये या चौकटी कमीतकमी एकमेकींवर चढतील अशी सुधारणा केली. अन्य पद्धतीही आहेत. प्रदेशाचे चार भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार भाग, अशी फिंकेल आणि बेंटली यांची १९७४ ची रीत अजून वापरात आहे. परंतु चौकटीची कल्पना बहुतेक साठ्यांत कोठे ना कोठे भेटतेच.

येथे श्रोत्यांनी अजिंठ्याची दरी डोळ्यांपुढे आणावी. वाघूर नदी तेथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेते आणि त्या वळणाच्या कातळात तीस लेणी कोरलेली आहेत. कातळाच्या त्या वक्र पट्टीभोवती चौकट काढली तर चौकटीत काय काय येईल? कातळ येईल, लेणी येतील. पण नालेच्या पोकळीत असलेले नदीचे पात्रही येईल आणि समोरच्या काठाचा काही भागही येईल. आता कोणी विचारले, "अमुक जागा लेण्यांच्या कातळावर आहे काय?" आणि साठ्याने नुसती चौकट पाहून उत्तर दिले, तर नदीच्या मधोमध असलेला दगडही लेण्यांच्या कातळावर आहे असे ठरेल. चौकट अगदी बरोबर आहे, गणित अगदी बरोबर आहे, आणि उत्तर मात्र साफ खोटे आहे.

म्हणून चांगला साठा दोन कामे करतो. आपल्या घरी धान्य आधी चाळतात आणि मग निवडतात, तसेच हे आहे. चौकटींनी चाळावयाचे, म्हणजे दूरदूरची हजारो आकृत्या एका झटक्यात बाजूला पडतात. मग उरलेल्या थोड्या आकृत्या एकेक हातात घेऊन निवडावयाच्या. निवडण्याची एक रीत फार सोपी आहे. ज्या जागेविषयी प्रश्न आहे तेथून कोणत्याही एका दिशेस सरळ रेघ काढीत जावे आणि ती आकृतीची सीमा किती वेळा ओलांडते ते मोजावे. संख्या विषम आली तर जागा आत, सम आली तर बाहेर. शाळकरी मुलास कागदावर करून पाहता येईल असे हे आहे. पण सीमेला हजारो वळणे असतील तर प्रत्येक वळण तपासावे लागते. म्हणून चाळणे स्वस्त पडते आणि निवडणे महाग.

वेगाच्या तुलनेत खोट येते ती बहुधा येथेच. जो चाळतो आणि निवडीत नाही, तो अर्थातच पुढे जाईल. हे काल्पनिक नव्हे. मायएसक्यूएल या अतिशय लोकप्रिय साठ्यात, २०१३ मध्ये त्याची ५.६ ही आवृत्ती येईपर्यंत, 'ही आकृती त्या आकृतीत आहे काय' या जातीच्या प्रश्नांची उत्तरे चौकटींवरूनच दिली जात. कर्त्यांनी ही गोष्ट लपविली नव्हती. माहितीपुस्तकात ती लिहिलेली होती. पण तुलना करणारा ते पान वाचीलच असे नाही. एकीकडे चाळून-निवडून दिलेले उत्तर आणि दुसरीकडे नुसते चाळलेले, अशी दोघांची घड्याळे शेजारी ठेवून कोणी निकाल दिला, तर ती शर्यत एकाने पूर्ण धावलेली आणि दुसऱ्याने अर्धी. मायएसक्यूएलने त्यानंतर खरी आकृती पाहणारी साधने दिली आणि पुढील आवृत्त्यांत ती आणखी सुधारली. त्यामुळे त्या जुन्या तुलनांचे आकडे आज कोणी पुढे केले तर तेही खरे धरता येणार नाहीत. तात्पर्य, तुलनेचा पहिला नियम हा की, आधी उत्तरे जुळवावी आणि मग घड्याळ पाहावे.

उत्तरे जुळविताना दुसरी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे पृथ्वीचा गोलपणा. अजिंठ्याची लेणी २० अंश ३३ कला उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ४२ कला पूर्व रेखांशावर आहेत. या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटरच. ध्रुवाकडे जावे तसतसे रेखांश एकमेकांजवळ येतात, म्हणून हा भेद पडतो. एखाद्या साठ्याने अंशांना सपाट कागदावरील चौकोन मानून अंतर काढले, तर दर शंभर मीटरांमागे सहा मीटरांच्या आसपास चूक होऊ शकते. सपाट कागदाचे गणित अर्थातच झटपट होते. गोल, आणि तीही ध्रुवांशी किंचित चपटलेली, पृथ्वी धरून केलेले गणित वेळ घेते.

सहा टक्क्यांचे काय एवढे, असे वाटेल. परंतु प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत बांधकामास मनाई आहे, आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तीनशे मीटरांवर सहा टक्के म्हणजे सतरा-अठरा मीटर होतात. एवढ्या जागेत एक घर सहज उभे राहते. ज्याचे घर त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे ठरावयाचे आहे, त्यास साठ्याने उत्तर एक-दशांश सेकंदात दिले की अर्ध्या सेकंदात, याचे सोयरसुतक नसते. पृथ्वीचा खरा आकार ठरविण्यासाठी विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासेस त्रिकोणमितीच्या मोजणीस आरंभ केला आणि वीस वर्षे ते उत्तरेकडे सरकत राहिले. १८२३ मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला. एवढ्या कष्टाने मिळविलेले ज्ञान वेगाच्या हव्यासापायी गणितातून वगळणे परवडणारे नाही.

सपाट गणित करावयाचेच तर प्रदेश लहान घ्यावा आणि त्याला योग्य असे प्रक्षेपण निवडावे. जगभर रूढ असलेल्या एका पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केलेले आहेत. त्यांपैकी एक सीमा ७८ अंश रेखांशावर येते आणि ती महाराष्ट्रातूनच जाते. फर्दापूर ४३ व्या पट्ट्यात, नागपूर ४४ व्या. जिल्ह्यापुरता साठा असेल तर एक पट्टा पुरेल. सगळ्या राज्याचा असेल तर एकाच पट्ट्याची मोजपट्टी दोहोंकडे लावून चालत नाही. तुलना छापणाऱ्याने आपण कोणते गणित वापरले हे सांगितले नसेल, तर त्याच्या आकड्यांचे मोल अर्धे झाले असे समजावे.

तिसरी गोष्ट माहितीच्या मुळाची. जुनी शेतमोजणी ३३ फुटी साखळीने होई. त्या साखळीचा एक चौरस म्हणजेच आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यातील नव्या पद्धतीच्या मोजणीचा आरंभ १८३० नंतरच्या दशकात इंदापुराकडे झाला. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला. फर्दापुराच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर जो जळगाव जिल्हा लागतो, तो इंग्रजी अंमलातील खानदेश. म्हणजे एकाच माळावर दोन राज्यांच्या मोजण्या येऊन टेकलेल्या. वेगवेगळ्या काळचे, वेगवेगळ्या दप्तरांतले नकाशे संगणकात शेजारी बसविले की शिवेवर कोठे बारीक फट पडते, तर कोठे एक गट दुसऱ्यावर चढतो. अशा ठिकाणी 'हे दोन गट एकमेकांस लागून आहेत काय' या प्रश्नास एक साठा होय म्हणेल आणि दुसरा नाही म्हणेल; आणि दोघेही आपापल्या नियमाने बरोबर असतील. नुसता स्पर्श, अंशतः आच्छादन, पूर्ण समावेश यांच्या व्याख्या शास्त्रज्ञांनी नेमक्या ठरवून दिल्या आहेत. पण मुळातला नकाशाच सदोष असेल तर व्याख्या काय करील? म्हणून परीक्षेस बसविण्यापूर्वी दोन्ही साठ्यांत तीच, तशीच आणि सारखीच शुद्ध केलेली माहिती भरणे अवश्य आहे.

माहिती कशी पसरली आहे यालाही महत्त्व आहे. पुष्कळ परीक्षक यदृच्छेने ठिपके टाकून कृत्रिम नकाशा बनवितात. पाऊस पडल्यासारखे ते ठिपके सगळीकडे सारखे असतात. खरा प्रदेश तसा नसतो. गावठाणात घरास घर लागलेले असते, सपाटीला शेतांचे लहान तुकडे असतात, आणि घाटाकडे वनाची एकच अवाढव्य आकृती असते, जिच्या सीमेस ओढ्यानाल्यांच्या वळणांनी हजारो कोपरे पडलेले असतात. सारख्या ठिपक्यांवर पहिला आलेला साठा अशा वनापाशी अडखळू शकतो. त्या आकृतीची चौकट निम्मा नकाशा व्यापते, म्हणून चाळणीतून फारसे काही गळत नाही, आणि निवडताना हजारो कोपरे तपासावे लागतात. यावर उपाय आहे. अशा मोठ्या आकृतीचे लहान तुकडे करून ठेवले की प्रत्येकाची चौकट आटोपशीर होते आणि काम पुष्कळ हलके होते. पण एका साठ्यात तुकडे केले आणि दुसऱ्यात केले नाहीत, तर मोजला गेला तो साठ्याचा वेग नव्हे, तयारी करणाऱ्याची हुशारी.

आता प्रश्नांचे प्रकार पाहू. 'मी उभा आहे ती जागा कोणत्या गटात आहे?' हा एक प्रश्न. 'समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या चौकोनात काय काय येते?' हा दुसरा. 'येथून सर्वांत जवळचा दवाखाना कोणता?' हा तिसरा. 'नदीपासून अमुक अंतरात किती घरे आहेत?' हा चौथा. 'वनाची हद्द आणि शेतांचे गट एकावर एक ठेवले तर कोठे कोठे चढतात?' हा पाचवा. आणि सहावा प्रकार प्रश्नाचा नव्हे, बदलाचा आहे. भावाभावांत वाटणी झाली, एका गटाचे तीन पोटहिस्से पडले. ही दुरुस्ती साठ्यात किती लवकर होते, आणि अशा हजारो दुरुस्त्यांनंतर चौकटींची ती सुबक उतरंड विस्कटून शोध मंद होतो काय? या सहाही कामांत पहिला येणारा साठा क्वचितच भेटेल. जवळचा दवाखाना शोधण्यात निष्णात असलेला आच्छादनाच्या कामात मागे पडू शकतो. बी पेरावयास तिफण आणि नांगरावयास नांगर. दोघांची शर्यत लावून कोणाचे भले होणार?

याची जाणीव या विद्येतील लोकांस आरंभापासून आहे. मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये 'सेकोया २०००' या नावाची जी कसोटी प्रसिद्ध केली, तीत त्यांनी उपग्रहाची चित्रे, ठिकाणांचे बिंदू, जमीनवापराच्या आकृत्या आणि नद्या-ओढ्यांचे जाळे असे चार प्रकारचे खरे साहित्य घेतले, आणि माहिती साठ्यात भरण्यास लागणारा वेळही हिशेबात धरला. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये 'जॅकपाइन' ही कसोटी मांडली. तीत एकेका क्रियेचा वेग वेगळा तपासण्याची सोय आहे, आणि त्याखेरीज नकाशा चाळणे, पत्त्यावरून जागा काढणे, पुराचा धोका अजमावणे, जमिनीच्या नोंदींचा कारभार पाहणे असे प्रत्यक्ष व्यवहारातील प्रसंगही घेतले आहेत. आम्हांस ही दुसरी रीत विशेष मोलाची वाटते. कारण कोणत्याही कचेरीस साठा घ्यावयाचा असतो तो एखादी सुटी क्रिया करण्यासाठी नव्हे, तर कारभार चालविण्यासाठी.

घड्याळ लावण्याचेही शास्त्र आहे. माळ्यावरची परात प्रथम काढावयाची तर शिडी लावावी लागते, धूळ पुसावी लागते. दुसऱ्या वेळी ती ओट्यावरच असते. संगणकाचेही तसेच. पहिल्या वेळी माहिती तबकडीवरून आणावी लागते, दुसऱ्या वेळी ती हाताशी असलेल्या स्मृतीत तयार असते. एका साठ्याची पहिली वेळ आणि दुसऱ्याची दुसरी वेळ यांची तुलना करणे हा उघड अन्याय आहे. दोन्ही वेळा दोघांच्याही मोजाव्या आणि वेगवेगळ्या सांगाव्या.

सरासरीवरही विसंबू नये. शंभर प्रश्नांपैकी नव्याण्णवांची उत्तरे एक-शतांश सेकंदात आली आणि एकास वीस सेकंद लागले, तर सरासरी एक-पंचमांश सेकंदाच्या आसपास निघते. पण प्रत्यक्षात एकाही माणसास एक-पंचमांश सेकंद लागलेला नाही! नव्याण्णवांस त्याहून पुष्कळ कमी लागला, आणि एकजण ताटकळत बसला. तो एक कोण, हे पाहिले पाहिजे. बहुधा वनाच्या त्या अवाढव्य आकृतीस लागून ज्याचे शेत आहे, तोच असतो.

शिवाय एकट्या गिऱ्हाइकास लगेच चहा देणारे हॉटेल बाजाराच्या दिवशी कसे चालते, हेही पाहावयास हवे. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी उताऱ्यांची घाई होते, तेव्हा एकाच वेळी हजारो माणसे प्रश्न विचारीत असतात आणि त्याच वेळी फेरफारांच्या दुरुस्त्याही चालू असतात. रिकाम्या वेळी एकट्याने घेतलेली परीक्षा त्या दिवसाविषयी काहीच सांगत नाही.

शेवटची गोष्ट परीक्षकाविषयी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड डेविट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये निरनिराळ्या माहितीसाठ्यांची तुलना नावांनिशी प्रसिद्ध केली. तेव्हापासून ओरॅकलसारख्या काही विक्रेत्यांच्या करारात असे कलम आले की, विक्रेत्याच्या संमतीवाचून कोणी वेगाच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध करू नयेत. त्यास थट्टेने 'डेविट कलम' असेच नाव पडले. चुकीच्या रीतीने घेतलेल्या चाचणीने आमची बदनामी होते, असे विक्रेत्यांचे म्हणणे असते, आणि वर सांगितलेले दोष पाहता त्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु याचा परिणाम असा होतो की, छापून येणाऱ्या तुलनांत काही साठ्यांची नावे येतच नाहीत किंवा 'अ', 'ब', 'क' अशी टोपणनावे येतात. जो साठा सार्वजनिक दप्तर सांभाळणार, त्याची परीक्षा सार्वजनिक असावी असे आमचे स्पष्ट मत आहे. माहिती, प्रश्न, यंत्राची शक्ती, साठ्याची आवृत्ती आणि मांडणी हे सारे उघड असले म्हणजे दुसऱ्या कोणासही तीच चाचणी पुन्हा घेऊन पाहता येते. पुन्हा घेता न येणारी चाचणी म्हणजे साक्षीदाराशिवाय झालेली मोजणी.

मोजणीचा दाखला आम्ही जाणूनबुजून दिला. शेताची मोजणी असते तेव्हा लगतच्या खातेदारांस आधी नोटीस जाते, सर्वांसमक्ष हद्दी दाखविल्या जातात आणि ज्यास निकाल पटला नाही त्यास पुन्हा मोजणी मागण्याची वाट असते. मोजणीदाराने काम किती तासांत उरकले याची चौकशी बांधावर उभा असलेला शेतकरी फारशी करीत नाही; खुणेचा दगड कोठे बसला ते तो वाकून पाहतो. नकाशाच्या माहितीसाठ्यांची तुलना वाचतानाही हीच नजर ठेवावी. दोघांना एकच माहिती दिली होती काय? उत्तरे जुळली काय? पृथ्वी गोल धरली की सपाट? कोणते प्रश्न विचारले आणि ते आपल्या कामाचे आहेत काय? सर्वांत जास्त वेळ कोणास लागला? आणि हीच परीक्षा दुसऱ्यास घेता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर वेगाचे आकडे खुशाल पाहावे. वेग ही चांगलीच गोष्ट आहे. खेड्यातून तालुक्यास हेलपाटे घालणाऱ्याचा एक दिवस वाचला तर तो मजुरीचा दिवस वाचतो. पण ज्या उत्तरासाठी तो आला, ते चुकले असेल, तर लवकर मिळाल्याने त्याचे नुकसानही लवकरच होते.